घरावर एक खोली वाढवताना
पालिका काय देते, काय घेते आणि काय द्यायला हवे

भोसरी, चिखली, तळवडे, थेरगाव, काळेवाडी, खराळवाडी, नेहरूनगर. यांपैकी कोणत्याही वस्तीत सकाळी एक फेरफटका मारा. कितीतरी घरांच्या गच्चीवर कॉलमच्या लोखंडी सळया वर आलेल्या दिसतील. तो पुढच्या मजल्याचा इरादा असतो. मुलाचा निकाह ठरला, गावाकडून वालिदैन कायमचे राहायला आले, मुलीला बारावीच्या अभ्यासासाठी जागा हवी झाली किंवा कारखान्यातली नोकरी गेली आणि भाड्याचा आधार घ्यावा लागला, की त्या सळयांवर एक खोली चढते. या औद्योगिक पट्ट्यातल्या आपल्या कुटुंबांनी बँकेत ठेवी ठेवल्या नसतील, पण वरची खोली मात्र बांधली आहे. तीच त्यांची बचत आहे आणि तीच त्यांची पेन्शन.

अशी वाढीव खोली बांधणाऱ्याला सरकार किंवा महापालिका काही मदत करते का? करत असेल तर कोणती, आणि ती घेताना काय सांभाळायचे? हा प्रश्न पालकांच्या सभेनंतर शाळेच्या आवारात उभे राहून बोलताना मला अनेकदा विचारला गेला आहे. म्हणून हा लेख.

खोल्या कोणी बांधल्या?

आधी थोडा इतिहास पाहू. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ साली झाली. पुढे टेल्को आली, बजाज आली, त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो छोटी वर्कशॉप आली. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महापालिका. दरम्यान १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. कामगारांना परवडणारी, नियोजनबद्ध घरे मिळावीत हा त्यामागचा हेतू होता. प्राधिकरणाने पेठा वसवल्या, चांगले रस्ते केले. परंतु मराठवाडा, विदर्भ, कोकण, उत्तर प्रदेश आणि बिहारमधून येणाऱ्यांची संख्या त्या घरांपेक्षा कितीतरी जास्त होती. २०२१ मध्ये प्राधिकरण पीएमआरडीएमध्ये विलीन झाले. तोपर्यंत शहराच्या मोठ्या भागात लोकांनी आपापली सोय करून घेतली होती.

ही सोय म्हणजे गुंठेवारी. शेतकऱ्याने जमिनीचे अर्धा गुंठा, एक गुंठा असे तुकडे विकले. कामगाराने प्रॉव्हिडंट फंड, बायकोचे दागिने आणि भावाकडून उसने घेतलेले पैसे घालून तो तुकडा घेतला. खाली दोन खोल्या, काही वर्षांनी वर दोन खोल्या. पुढे हीच गोष्ट चाकणला घडली. फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा यांचे कारखाने तिथे उभे राहिले आणि महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी, मेदनकरवाडी, नाणेकरवाडी या गावांत घरांमागे, गोठ्याच्या जागी, विहिरीच्या कडेला भाड्याच्या खोल्यांच्या रांगा दिसू लागल्या. एका खोलीत चार-चार तरुण, पाळीप्रमाणे झोपणारे. या पट्ट्यातल्या कंत्राटी कामगारांचा संसार मोठ्या प्रमाणावर अशा साध्या कुटुंबांच्या खोल्यांतच सुरू झाला. या घरमालकांनी शहराची मोठी गरज भागवली, पण त्यांच्या नावे कुठलीही गृहनिर्माण योजना नव्हती.

शिक्षा आधी, माफी नंतर

मग पालिकेचे धोरण काय होते? ते शास्तीकर या एका शब्दात सांगता येते.

महापालिका अधिनियमात कलम २६७-अ आले. ४ जानेवारी २००८ नंतरच्या अनधिकृत बांधकामावर नेहमीच्या मालमत्ताकराच्या दुप्पट दंड लागू झाला. समजा, घराचा कर वर्षाला ४,००० रुपये आहे. त्यावर ८,००० रुपये शास्ती, म्हणजे बिल १२,००० रुपयांचे. असे दहा वर्षे थकले तर मूळ कर ४०,००० आणि शास्ती ८०,०००, शिवाय विलंबाचा आकार वेगळा. ज्या माणसाने कर्ज टाळून, पोटाला चिमटा घेऊन खोली बांधली, त्याच्यावर न घेतलेल्या कर्जासारखा हा बोजा वाढत गेला. पुष्कळांनी मग मूळ करही भरणे सोडून दिले.

निवडणुका आल्या की शास्तीकर हा या शहराचा मोठा विषय होई. आधी छोट्या निवासी घरांना सूट मिळाली, नंतर ती मर्यादा १,००० चौरस फुटांपर्यंत वाढली. शेवटी ३ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने पिंपरी-चिंचवडमधल्या त्या तारखेपर्यंतच्या बांधकामांचा शास्तीकर माफ झाला. अट एकच होती, मूळ कराची थकबाकी आधी भरायची. वरच्या उदाहरणातल्या कुटुंबाने ४०,००० भरले की ८०,००० माफ. हजारो घरांना यातून सुटका मिळाली आणि त्याबद्दल समाधान वाटायलाच हवे.

पण इथेच मोठा गैरसमज झाला. शास्ती माफ झाली म्हणजे घर नियमित झाले, असे अनेकांनी धरले. तसे नाही. कायद्यातच लिहिले आहे की कर किंवा शास्ती वसूल केली म्हणून बांधकाम नियमित ठरत नाही. कराची पावती, विजेचे बिल, नळजोड, आधार कार्डावरचा पत्ता यांपैकी कशालाही बांधकाम परवानगी म्हणता येत नाही. चाकणच्या बाजूला ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घराची नोंद असते. ती नोंद करासाठी असते. परवानगी देणारे कार्यालय वेगळे, तिथल्या गावांत ते पीएमआरडीए आहे.

हा फरक किती महाग पडू शकतो, हे २०२५ साली शहराने पाहिले. फेब्रुवारीत कुदळवाडी-चिखली भागात हजारो शेड, गोदामे आणि दुकाने पाडली गेली. भंगार व्यवसायावर जगणाऱ्या कितीतरी मुस्लिम कुटुंबांचे पोट त्यात होते. मे महिन्यात चिखलीतच इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानुसार पाडण्यात आले. सर्वोच्च न्यायालयातही रहिवाशांना दिलासा मिळाला नाही. तिथे भंगारवाला होता, इथे बंगलेवाला. जेसीबीपुढे दोघांचे कागद सारखेच अपुरे ठरले.

आज हातात काय आहे?

आता मदतीकडे वळू. सर्वांत माहितीची योजना म्हणजे प्रधानमंत्री आवास योजना. २५ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या शहरी योजनेत चार मार्ग होते. त्यांतला एक आपल्या विषयाच्या अगदी जवळचा होता. स्वतःच्या जागेवर नवे घर बांधणाऱ्याला किंवा असलेले घर वाढवणाऱ्याला केंद्राकडून दीड लाख रुपये. घरवाढीची व्याख्याही दिली होती: किमान ९ चौरस मीटर, म्हणजे साधारण ९७ चौरस फूट चटईक्षेत्राची पक्की भर. एक राहण्याजोगी खोली किंवा खोलीसोबत स्वयंपाकघर, न्हाणीघर, शौचालय. एका खोलीलाही सरकारी पैसा मिळू शकतो, हे तत्त्व आपल्या देशात मान्य झालेले आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

सप्टेंबर २०२४ पासून या योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला स्वतःच्या जागेवर घर बांधण्यासाठी महाराष्ट्रात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख रुपये टप्प्याटप्प्याने मिळतात. घर ३० ते ४५ चौरस मीटरचे हवे. कुटुंबाच्या नावे देशात कुठेही पक्के घर नसावे. घर कुटुंबातल्या स्त्रीच्या नावे किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावे असावे लागते. विधवा, एकट्या राहणाऱ्या स्त्रिया, दिव्यांग, ज्येष्ठ नागरिक यांच्याबरोबर अल्पसंख्याकांनाही प्राधान्य देण्याचे मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. पत्र्याच्या घरात राहणाऱ्या आणि जमिनीचे कागद स्वच्छ असलेल्या कुटुंबाने हा अर्ज जरूर करावा. ज्याचे खाली पक्के घर आहे आणि वर फक्त खोली चढवायची आहे, त्याच्या उपयोगाची ती नाही.

याच योजनेत व्याजावरचे अनुदानही आहे. २५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जापैकी पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के सूट, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. पण आपल्यातली बरीच कुटुंबे सुदाच्या व्यवहारापासून दूर राहतात. त्यांना व्याजावरची सवलत म्हणजे पोहता न येणाऱ्याला दिलेली नदीकाठची जागा. थेट अनुदान, करातली सूट आणि शुल्कमाफी हे तीन मार्ग त्यांना मोकळेपणाने वापरता येतात. म्हणून आपण मागणी करायची तर याच तिन्हींची करावी.

करातल्या सवलतींपैकी एक तर आजच उपलब्ध आहे. पिंपरी-चिंचवड महापालिका स्त्रीच्या नावे असलेल्या आणि ती स्वतः राहत असलेल्या निवासी घराला सामान्य करात ३० टक्के सूट देते. मुदतीआधी कर भरणाऱ्यालाही सूट असते. पालिका या सवलती दरवर्षी जाहीर करते, त्यामुळे एप्रिल ते जून या काळात करसंकलन कार्यालयात एक फेरी मारावी. शेजारच्या पुणे महापालिकेत स्वतः राहत असलेल्या घराला ४० टक्के सवलत आहे. ती १९७० पासून होती, मध्ये बंद झाली आणि २०२३ मध्ये पुन्हा मिळाली.

भाड्याच्या घरांसाठीही एक योजना आली होती. टाळेबंदीत लाखो मजूर पायी गावी निघाले, ते दृश्य सर्वांनी पाहिले. त्यानंतर जुलै २०२० मध्ये केंद्राने परवडणाऱ्या भाडेघरांच्या संकुलांची योजना मंजूर केली. बांधणाऱ्याला जादा चटईक्षेत्र, प्राप्तिकरात आणि जीएसटीत सूट अशी प्रोत्साहने होती. पण प्रकल्पात किमान ४० घरे हवीत, ही अट होती. चाकणच्या कामगाराला छप्पर देणाऱ्याकडे ४० घरे कुठून येणार? त्याच्याकडे चार खोल्या असतात. मोठ्या बांधणाऱ्याला प्रोत्साहन आणि छोट्या बांधणाऱ्याला शास्ती, असा हा हिशोब झाला.

दुसरीकडे काय करतात?

हा हिशोब उलटा करता येतो, हे परदेशातल्या काही शहरांनी दाखवले आहे. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराने २०१० पासून घराच्या आवारात वाढीव छोटे घर बांधणाऱ्या कुटुंबांचे विकास शुल्क माफ केले. २०१८ मध्ये ही माफी कायम करताना अट घातली, की ते घर दहा वर्षे पर्यटकांना दिवसांच्या भाड्याने द्यायचे नाही. म्हणजे सवलत शहराने दिली आणि शहरात राहणाऱ्याला घर मिळाले. कॅलिफोर्निया राज्यात २०२० पासून ७५० चौरस फुटांपेक्षा लहान वाढीव घरावर असे परिणाम शुल्क घेता येत नाही. त्या राज्याच्या गृहवित्त संस्थेने ठरावीक उत्पन्नापर्यंतच्या कुटुंबांना नकाशे, माती परीक्षण, परवानगी अशा सुरुवातीच्या खर्चासाठी ४० हजार डॉलरपर्यंत अनुदानही दिले. बॉस्टन शहराने तर बिनव्याजी कर्जाची योजना काढली.

तिथली घरे, जमिनी, उत्पन्न सगळे वेगळे आहे. पण एक गोष्ट इथेही लागू पडते. या सर्व ठिकाणी पैसा परवानगीच्या वेळी मिळतो. सवलत हवी म्हणून माणूस स्वतःहून कार्यालयात येतो, नकाशा दाखवतो, अभियंता पाया तपासतो आणि मग वीट चढते. आपल्याकडे पैसा सुटतो तो वीस वर्षांनी, दंडाच्या माफीतून. तोपर्यंत जिना अरुंद झालेला असतो, भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला टेकलेली असते आणि अग्निशमन दलाची गाडी गल्लीत शिरत नाही. माफीमुळे कराचे बिल कमी होते, घराचा पाया मजबूत होत नाही.

पिंपरी-चिंचवड महापालिकेला हे अवघड नाही. छोट्या भूखंडावर एक वाढीव खोली, समजा ३०० चौरस फुटांपर्यंत, परवानगी घेऊन बांधणाऱ्याचे विकास शुल्क माफ करावे. अर्धा, एक आणि दीड गुंठ्यासाठी तयार, तपासलेले नकाशे क्षेत्रीय कार्यालयात फुकट ठेवावेत. त्या खोलीला पहिली पाच वर्षे करात सूट द्यावी आणि अट घालावी, की भाडेकरूशी नोंदणीकृत करार हवा. शास्तीच्या माफीत पालिकेने जेवढी रक्कम सोडली, त्याचा थोडा भाग जरी यावर खर्च झाला, तरी पुढची पिढी शास्तीच्या फेऱ्यात अडकणार नाही. वॉर्डातल्या नगरसेवकाकडे, मोहल्ला सभेत, जमातीच्या बैठकीत ही मागणी लेखी मांडायला काय हरकत आहे?

तोपर्यंत आपण काय करावे?

पहिले काम, जागा कुठे येते ते पाहणे. विकास आराखड्यातला रस्ता किंवा आरक्षण, नदीची निळी रेषा, देहूरोडच्या दारूगोळा डेपोभोवतीचा रेड झोन, यांपैकी काही असेल तर तिथे एक वीटही घालू नये. कोणतीही माफी अशा जागेला वाचवत नाही.

दुसरे, परवानगीला घाबरू नये. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे दीड गुंठ्याच्या भूखंडांसाठी पद्धत सोपी केली आहे. परवानाधारक अभियंत्यामार्फत नकाशा आणि कागद सादर करून, शुल्क भरून काम सुरू करता येते. मात्र जमीन मंजूर रेखांकनातली किंवा गावठाणातली आणि मालकी स्पष्ट हवी. गुंठेवारीत असाल तर २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा झाली असून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना अटींसह नियमित होण्याचा मार्ग त्यात आहे.

तिसरे, मिस्त्रीच्या भरवशावर मजला चढवू नये. चार इंची भिंतीवर किंवा एका मजल्यासाठी घातलेल्या कॉलमवर दुसरा मजला म्हणजे घरच्यांच्या जिवाशी खेळ. अभियंत्याची फी ही खर्चात नव्हे, सुरक्षिततेत धरावी.

चौथे, खोली कोणाची ते आधी ठरवावे. हा मुद्दा आपल्या घरांत फार नाजूक असतो. वालिदांच्या जमिनीवर थोरला मुलगा स्वतःच्या पैशाने वरचा मजला बांधतो. वीस वर्षांनी वालिदांचा इंतकाल होतो आणि भांडण सुरू होते. इस्लामी वारसा कायद्यात जन्माने हक्क मिळत नाही, मालक हयात असेपर्यंत मालमत्ता त्याची. त्याच्यानंतर सर्व वारसांचे वाटे ठरलेले आहेत: मुले असताना पत्नीला आठवा हिस्सा, मुलाच्या निम्मा मुलीला. वरचा मजला वालिदांच्या इमारतीचाच भाग धरला गेला तर बहिणींचा हक्क त्यातही येतो. थोरल्याला ते अन्यायाचे वाटते आणि बहिणीला तिचा वाटा मागायची लाज वाटू लागते. हे टाळायचे तर मुलाने किती पैसे घातले, ते कर्ज होते की मदत, हे वालिद हयात असताना लिहून ठेवावे. मजला मुलाला द्यायचाच असेल तर हिबा करावा. हिब्याला देणाऱ्याची घोषणा, घेणाऱ्याची स्वीकृती आणि प्रत्यक्ष ताबा, या तीनही गोष्टी लागतात. तोंडी हिबा मान्य असला तरी पालिकेच्या नोंदीसाठी नोंदणीकृत कागद कामी येतो. बेगमच्या नावावर ३० टक्क्यांची सूट घ्यायची असेल तर घर खरोखर तिचे करावे. सवलतीपुरते नाव लावून पुढे तिचा हक्क नाकारणे हा धोका आहे, आणि अमानतीत खयानतही.

पाचवे, भाडेकरू ठेवताना लेखी, नोंदणीकृत करार करावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची आहे. भाड्याचे उत्पन्न प्राप्तिकरात दाखवले तर त्यातून मालमत्ताकर आणि उरलेल्या रकमेच्या ३० टक्के वजावट मिळते, हेही माहीत असू द्यावे.

आणि एक गोष्ट कायद्याबाहेरची. खोली शोधताना नाव सांगितल्यावर "खोली कालच गेली" हे उत्तर आपल्यातल्या पुष्कळांनी ऐकले आहे. जूनमध्ये शाळेत दाखल झालेली मुले दिवाळीपर्यंत पत्ता बदलून दुसऱ्या शाळेत गेलेली मी दरवर्षी पाहतो. खोली सुटली की शाळा सुटते. म्हणून आपली खोली देताना आपण भाडेकरूचे नाव, गाव, जात विचारत बसू नये. त्याचे काम काय, मुले किती आणि ती शाळेत जातात का, एवढे विचारावे. कागद पक्के असलेल्या खोलीत राहणारे मूल वर्षभर एकाच वर्गात बसते. घरमालकाच्या भाड्यात बरकत येते ती अशा मुलांमुळेही.